आधी माप, मग छटा: घरच्या घरी रेखाटन शिकणाऱ्या कोकणवासीयांसाठी

चित्रकला शिकायची तर मुंबई-पुण्याला जाऊन क्लास लावला पाहिजे, असं कोकणात अजूनही पुष्कळांना वाटतं. रीतसर शिक्षणासाठी संस्था हवीच. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 पासून आहे, आणि आता चिपळूण तालुक्यात सावर्ड्यालाही कला महाविद्यालय आहे. पण रेखाटनाचा पाया घरच्या पडवीत बसून नक्की घालता येतो. समुद्रकाठी राहणाऱ्यांना तर त्यातला सगळ्यात अवघड धडा समजावणारं साधन दारातच आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पाया म्हणजे काय? रेषा, प्रमाण, दृष्टिपातळी, घनाकार आणि छायाप्रकाश. याच क्रमाने. बहुतेक नवशिके नेमके शेवटापासून सुरू करतात. मोबाइलवर एखाद्या नटीचा फोटो उघडायचा, भराभर बाह्यरेषा मारायची आणि मग तासन् तास बोटाने शिसं घासत गाल गुळगुळीत करायचे. छटा सुंदर उतरते, पण एक डोळा वर गेलेला असतो आणि हनुवटी तोकडी पडलेली असते. माप चुकलं असेल तर त्यावर कितीही मेहनतीने छटा दिली तरी चित्र सावरत नाही. म्हणून या लेखात छटा मुद्दाम उशिरा येते. तुम्हीही ती तितकीच उशिरा आणा, एवढा माझा आग्रह आहे.

दुसरा आग्रह फोटोबद्दल. समोरची वस्तू लांब, रुंद आणि खोल असते. कागदाला खोली नसते. ती खोली कागदावर कशी आणायची हीच तर रेखाटनाची खरी शिकवणी. फोटोत हे काम कॅमेऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं, त्यामुळे फोटोवरून काढताना आपण ते कधी शिकतच नाही. पहिले काही महिने तरी जे काढायचं ते प्रत्यक्ष समोर ठेवून काढा. कळशी, विळी, नारळ, आगरातलं केळीचं पान, झोपलेलं मांजर, काहीही चालेल.

सामान

सामान थोडकं लागतं. एचबी, 2बी, 4बी आणि 6बी अशा चार पेन्सिली घ्या. पेन्सिलीच्या कांडीत ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. माती जास्त तितकी पेन्सिल कडक आणि फिकी, ग्रॅफाइट जास्त तितकी ती मऊ आणि काळी. तालुक्याच्या गावी स्टेशनरीच्या दुकानात कॅम्लिन, अप्सरा, नटराज यांपैकी काहीतरी मिळतंच. सुरुवातीला परदेशी पेन्सिलींवर पैसे घालवू नका. शार्पनरऐवजी ब्लेडने किंवा कटरने टोक काढायला शिका. कांडी बोटाच्या पेराएवढी उघडी राहिली की पेन्सिल आडवी धरून रुंद रेषाही मारता येते. खोडरबर पांढरा आणि मऊ घ्या.

सरावाला पाठकोरे कागद उत्तम. सोसायटीच्या जुन्या नोटिसा, मुलांची प्रश्नपत्रिका, झेरॉक्सच्या दुकानातले वाया गेलेले कागद, सगळं घ्या. कोऱ्या महागड्या कागदापुढे हात आखडतो, पाठकोऱ्या कागदावर तो मोकळा राहतो. नीट करायच्या चित्रासाठी पाव इम्पिरियल, म्हणजे साधारण 11 बाय 15 इंचांचा कार्ट्रिज पेपर आणा. 130 ते 150 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असला की पुरे.

एक पाटी मात्र हवीच. सुताराकडून प्लायवुडचा 12 बाय 16 इंचांचा तुकडा कापून घ्या, कडा पॉलिशपेपरने घासा आणि वर दोन क्लिपा लावा. ही पाटी मांडीवर सपाट ठेवायची नाही. खालची कड मांडीवर आणि वरची कड खुर्चीच्या पाठीला किंवा भिंतीला टेकवून ती तिरकी उभी करायची. कागद सपाट असला की त्याचा वरचा भाग डोळ्यांपासून लांब जातो आणि आपल्याला आखूड दिसतो. मग तो भरून काढायला हात नकळत लांबट रेघ मारतो. चित्रातल्या माणसांची डोकी मोठी का होतात, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की कागद ओलावा धरतो, मऊ पडतो, पेन्सिल उमटण्याऐवजी रुतते आणि खोडायला गेलं की कागदाची साल निघते. बुरशीचे पिवळे ठिपके पडतात ते वेगळेच. कोरा कागद आणि झालेली चित्रं घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवा. चपलांच्या किंवा औषधाच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, त्या या पेटीत टाका. पेटी भिंतीला चिकटवू नका, जांभ्याच्या भिंती पावसात ओलावा ओढतात. काढायला बसताना दोन-चार कागद आधी बाहेर घ्या आणि बल्बजवळ जरा सुकू द्या. हाताखाली सुक्या कागदाचा तुकडा ठेवायची सवय तर बाराही महिने असू द्या. घामट हाताचा तेलकट डाग पडला की त्यावर पेन्सिल नीट चढत नाही.

रेषा

पहिले दोन आठवडे रेषेचे. लिहिताना आपण पेन्सिल टोकाशी घट्ट धरतो आणि फक्त बोटं हलवतो. चित्रासाठी ती थोडी मागे, सैल धरा आणि हात खांद्यातून हलवा. कागदावर दोन ठिपके द्या, एकमेकांपासून वीतभर लांब. पेन्सिल न टेकवता हवेतच एकदोनदा हात तिकडून इकडे फिरवून बघा, नजर पोहोचायच्या ठिपक्यावर ठेवा आणि मग एका दमात रेघ मारा. तुकड्यातुकड्याने, केसाळ रेघा जोडत जाऊ नका. रेघ थोडी चुकली तर चालेल, पण ती एकच आणि ठाम असू द्या. आडव्या, उभ्या, तिरक्या, मग समांतर, मग लंबवर्तुळं. रोज पाच-दहा मिनिटं, चहा उकळेपर्यंत होतं हे.

ठाम रेषा म्हणजे काय ते बघायचं असेल तर चतुर्थीच्या आधी गावातल्या गणपतीच्या शाळेत जाऊन बसा. रंगकाम संपत आलं की शेवटी डोळ्यांची आखणी होते. कारागीर बारीक ब्रश रंगात बुडवतो, कडेला टोक करतो, करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवून हात स्थिर करतो आणि श्वास धरून पापणीची अख्खी रेघ एका ओढीत पुरी करतो. रेघ सुरू होते तिथे बारीक, मध्यावर जाड आणि कोपऱ्यात पुन्हा बारीक. त्या वेळी बोटं जवळपास हलत नाहीत, मनगट आणि कोपरच फिरतं. करंगळीचा टेकू आणि धरलेला श्वास, या दोन गोष्टी तिथून घरी आणा.

पुढचा सराव बाह्यरेषेचा. जास्वंदीचं फूल, फणसाचं पान किंवा स्वतःचा डावा हात समोर धरा. नजर त्याच्या कडेवर ठेवा आणि ती मुंगीच्या चालीने सरकवा. नजर सरकेल तेवढीच पेन्सिल सरकवा. कागदाकडे बघायचं नाही. चित्र वेडंवाकडं येईल, त्याची काळजी नको. हा सराव डोळ्यांचा आहे, चित्र चांगलं येण्याशी त्याचा संबंध नाही. हाताच्या पाठीवर सुरकुती कुठे वळते, नखाची कड बोटाला कुठे मिळते, हे आपण कधी बघितलेलंच नसतं ते इथे दिसायला लागतं.

नुसत्या रेषेत किती ताकद असते याचे दोन दाखले आपल्याच जिल्ह्यांत आहेत. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे. जवळ उभं राहिलं तर तो नजरेत मावत नाही, आणि त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. कुठेही छटा नाही, फक्त कड. उक्षी, बारसू, देवीहसोळ, जांभरुण इथल्या कातळशिल्पांसह ही जागा 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली. दुसरा दाखला कुडाळजवळच्या पिंगुळीचा. तिथल्या ठाकर समाजाच्या चित्रकथींमध्ये, म्हणजे गोष्ट सांगताना दाखवायच्या चित्रांमध्ये, सपाट रंगाला ठसठशीत रेषेने बांधलेलं असतं. सवड काढून दोन्ही बघून या, आणि कागद-पेन्सिल घेऊनच जा.

माप

इथे वेळ काढायचा. माझ्या मते रेखाटनातली निम्मी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते.

एक कळशी पाटावर ठेवा आणि सहा-सात फूट लांब बसा. फार जवळ बसलात तर मान वर-खाली करावी लागते आणि प्रत्येक वेळी वेगळंच रूप दिसतं. पेन्सिल हातात उभी धरा, कोपर न वाकवता हात पूर्ण ताणा, एक डोळा मिटा. पेन्सिलीचं टोक कळशीच्या पोटाच्या डाव्या कडेवर आणा, अंगठ्याचं नख उजव्या कडेवर. ही झाली रुंदी. तेवढंच माप, हात तसाच ताणून ठेवून, आता उभं फिरवा. उंचीत ते किती वेळा बसतं? एकदा बसून थोडं उरतं का? किती उरतं, पाव की निम्मं? एवढंच लक्षात ठेवायचं. इंच-सेंटिमीटरशी काही देणंघेणं नाही, फक्त कशाच्या मानाने काय केवढं आहे ते बघायचं. कोपर जरा जरी वाकलं तरी माप खोटं पडतं.

आता कागदावर फिकी उभी रेघ मारा. ही कळशीची आस. वरची आणि खालची मर्यादा ठरवा, मघाचं प्रमाण वापरून पोटाची रुंदी आसेच्या दोन्ही बाजूंना सारखी वाटून खुणा करा. मग गळा: तो एकूण उंचीत कितव्या भागावर आहे? काठाची रुंदी पोटाच्या रुंदीच्या निम्मी आहे की कमी? प्रत्येक गोष्ट आधी बघा, मोजा, मग खूण करा. सगळ्या खुणा झाल्या की लंबवर्तुळं घाला, एक काठाचं, एक गळ्याचं, एक पोटाचं, एक बुडाचं. दिसत नसलेला मागचा भागही फिकट काढा, म्हणजे वर्तुळ पुरं होतं आणि वाकडेपणा लगेच कळतो.

लंबवर्तुळाच्या दोन चुका सगळ्यांच्या होतात. पहिली, टोकं अणकुचीदार काढणं. लंबवर्तुळाला कोपरा कुठेच नसतो, टोकाशीही ते वळतंच. दुसरी, काठ जास्त गोल आणि बूड अगदी सपाट काढणं. काठ गोल आहे हे मनाला ठाऊक असतं म्हणून तो फुगतो, आणि कळशी पाटावर सपाट टेकली आहे हे ठाऊक असतं म्हणून बूड सरळ होतं. प्रत्यक्षात उलट दिसतं. डोळ्यांच्या पातळीपासून जितकं खाली जाल तितकं वर्तुळ उघडत जातं. त्यामुळे बुडाचं लंबवर्तुळ काठापेक्षा जास्त भरलेलं असतं. खात्री करायची असेल तर एक पेला घ्या, त्याचा काठ बरोबर डोळ्यांसमोर धरा: नुसती रेघ दिसेल. हळूहळू खाली न्या, रेघेचं वर्तुळ होताना दिसेल.

तिरक्या कडांसाठी पेन्सिल त्या कडेला समांतर धरा आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे वाचा: ही एकची दिशा, ही चारची. उभ्या ओळीसाठी ओळंबा वापरा, दोऱ्याला खडा बांधला तरी झालं. माणसाच्या कानाच्या बरोबर खाली टाच येते की पाऊल, हे ओळंब्याशिवाय सांगता येत नाही, आणि ते चुकलं की माणूस पडतोय असं वाटतं.

मापाची तिसरी रीत म्हणजे वस्तूऐवजी तिच्या आजूबाजूची रिकामी जागा काढणं. यासाठी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या उलांडीच्या होडीइतकं चांगलं साधन नाही. होडीचं अंग, बाहेर गेलेली आडवी लाकडं आणि पाण्यात होडीचा तोल सांभाळणारी उलांडी यांच्यामध्ये रिकामे चौकोन-त्रिकोण तयार होतात. होडी विसरा, ते आकार काढा. होडी कशी असते याबद्दल मनात एक ठरीव चित्र असतं आणि ते आड येतं. रिकाम्या जागेबद्दल असं ठरीव काही नसतं, त्यामुळे ती जशी आहे तशीच कागदावर येते. आकार बरोबर जमले की मध्ये होडी आपोआप उभी राहते.

दृष्टिपातळी, आणि समोरचा दर्या

यथार्थदर्शन, म्हणजे लांबची वस्तू लहान आणि समांतर रेघा एकत्र येताना का दिसतात याचे नियम, हा भाग शहरातल्या विद्यार्थ्याला पुस्तकातून पाठ करावा लागतो. क्षितिजरेषा म्हणजे तुमच्या डोळ्यांची पातळी, असं त्याला सांगतात, पण त्याला क्षितिज दिसत नाही. समोर इमारती असतात. आपल्याला ते रोज दिसतं. समुद्र जिथे आभाळाला मिळतो ती रेघ म्हणजे तुमची दृष्टिपातळी. पेन्सिल सोबत घ्या आणि पुळणीवर जा, हे सगळं तिथे करून बघायचं आहे.

उभे राहा आणि पेन्सिल डोळ्यांसमोर आडवी धरा. ती दर्याच्या रेघेवर बसेल. आता वाळूत बसा. क्षितिज तुमच्याबरोबर खाली येतं, आणि समोरची होडी आता आभाळावर उंच उठलेली दिसते. मग शेजारच्या टेकडीवर किंवा गडाच्या बुरुजावर चढून बघा. क्षितिजही तुमच्याबरोबर वर चढतं, आणि मघाशी त्याच्या वर डोकावणारी होडी आता पूर्ण पाण्याच्या पार्श्वभूमीवर, क्षितिजाच्या खाली दिसते. सुवर्णदुर्ग हर्णैच्या वाळूवरून काढलात आणि गोवा किल्ल्याच्या तटावरून काढलात तर दोन वेगळी चित्रं होतील, ती याच कारणाने.

यातून एक फार उपयोगी गोष्ट हाती लागते. तुम्ही सपाट पुळणीवर उभे असाल तर तुमच्याच उंचीच्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यांतून क्षितिज जातं, मग तो दहा पावलांवर असो की दोनशे. लांबचा माणूस लहान दिसतो, पण त्याचे डोळे त्याच रेघेवर, फक्त पाय वर सरकलेले. लहान मुलाचं डोकं रेघेच्या खाली, डोलकाठीचं टोक रेघेच्या खूप वर. तुम्ही वाळूत बसलात तर तीच रेघ उभ्या माणसांच्या मांडी-कमरेच्या आसपास जाते, जवळच्या आणि लांबच्या सगळ्यांच्या एकाच जागी. गर्दीचं चित्र काढताना माणसं हवेत तरंगतात किंवा बुटकी-ताडमाड होतात ती हे न कळल्यामुळे. पुळण उताराची असेल तर पाण्याजवळचा माणूस थोडा खाली जाईल, तेवढा फरक धरा.

आता लोपबिंदू. कोकण रेल्वेच्या एखाद्या शांत स्टेशनात प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभे राहा. रूळ, प्लॅटफॉर्मची कड, छपराची कड, सगळ्या रेघा एका बिंदूकडे जातात, आणि तो बिंदू दृष्टिपातळीवरच असतो. डोळ्यांच्या वरच्या रेघा तिकडे जाताना खाली उतरतात, खालच्या वर चढतात. पोफळीच्या आगरात हेच उभ्या खोडांच्या रांगेत दिसतं. डोंगर चढणारी पाखाडी मात्र वेगळी वागते. तिच्या पायऱ्यांची प्रत्येक आडवी कड नियम पाळते, पण अख्खी चढण ज्या बिंदूकडे जाते तो दृष्टिपातळीच्या वर असतो, उतरणीचा खाली. सुरुवातीला पाखाडी सोडून द्या, दोन-तीन महिन्यांनी तिच्याकडे वळा.

कौलारू घर काढताना आढ्याची जागा हमखास चुकते. ती शोधायची रीत सोपी आहे. घराची त्रिकोणी बाजू ज्या भिंतीवर आहे, ती भिंत आधी चौकोनी काढा, यथार्थदर्शनात जशी दिसते तशी तिरकी. तिच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणाऱ्या दोन रेघा मारा. त्या जिथे छेदतात तो भिंतीचा खरा मध्य. तिथून सरळ वर रेघ न्या, आढं याच रेघेवर येतं. पट्टीने मोजून मध्य काढलात तर तो चुकेल, कारण भिंतीचा लांबचा अर्धा भाग आखूड दिसतो. मग आढ्यापासून दोन्ही पाखं खाली सोडा आणि शेवटी कौलांच्या मोजक्याच ओळी सुचवा. प्रत्येक कौल काढत बसायची गरज नाही.

घनाकार

बाह्यरेषा आणि माप जमलं की वस्तूला पोट द्यायचं. जगातली बहुतेक वस्तू गोल, दंडगोल, शंकू आणि पेटी यांच्या जोडणीतून बनते. गणपतीची मूर्ती बघा, पोट गोल, सोंड वळलेला दंडगोल, चौरंग पेटी. बाजारातून आणलेला बांगडा थाळीत ठेवा आणि त्याच्या अंगावरून, जणू दोरा गुंडाळला आहे अशा आडव्या रेघा मारत जा. मधल्या जाड भागात त्या रेघा फुगतील, शेपटीकडे आकसतील. मासा एकदम भरीव दिसायला लागेल.

अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचं घर आहे, तिथे त्यांची शिल्पं ठेवली आहेत. 1891 साली याच गावी जन्मलेल्या करमरकरांनी लहानपणी देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते पाहून कुलाबा जिल्ह्याचे (आताच्या रायगडचे) तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी त्यांना जे. जे.मध्ये शिकायला मदत केली. सासवण्याच्या घरातली बसलेली म्हैस काढून बघा. शिल्प हलत नाही, रंगाचा गोंधळ नाही, चारही बाजूंनी फिरून एकच आकार काढता येतो. घनाकार शिकायला याहून चांगली सोय मिळणं कठीण.

छायाप्रकाश

आता छटा. कागदावर पाच चौकोन करा, पहिला कोरा, शेवटचा 6बीने जमेल तितका काळा, मधले तीन सारख्या अंतराने. हे दिसतं तितकं सोपं नाही, मधला चौकोन खरंच मधला होईपर्यंत करत राहा.

मग एक अंडं किंवा पांढरा कप पांढऱ्या कापडावर ठेवा. खोलीतल्या सगळ्या खिडक्या लावा, एकच उघडी ठेवा. चार बाजूंनी उजेड आला की सावली फुटते आणि काही कळत नाही. डोळे किलकिले करा. बारीकसारीक फरक निघून जातात आणि दोनच भाग उरतात, उजेडाचा आणि सावलीचा. त्यांच्यामधली हद्द आधी आखा. सावलीचा सगळा भाग एकाच मध्यम छटेने भरा. एवढ्यावरच अंडं गोल दिसू लागतं. नंतर हद्दीजवळचा सगळ्यात गडद पट्टा, कापडावरची पडछाया आणि सावलीच्या आत, कापडावरून उलटून आलेला फिका उजेड दाखवा. हा उलटलेला उजेड कितीही मोहक वाटला तरी तो उजेडाच्या बाजूपेक्षा उजळ करू नका. सावलीतली सगळ्यात फिकी जागासुद्धा उजेडातल्या सगळ्यात गडद जागेपेक्षा गडदच ठेवायची, हा नियम धरा.

छटा बोटाने घासू नका. जवळजवळ समांतर रेघांनी भरा आणि रेघा आकाराच्या वळणाने जाऊ द्या. पांढरं जमलं की नारळाकडे या. नारळ मुळातच तपकिरी असतो, म्हणून त्याची उजेडातली बाजूही कापडापेक्षा गडद येते. त्यानंतरचा प्रश्न दुपारी अंगणात सोडवा: चुना लावलेल्या भिंतीची सावली आणि उन्हातला जांभ्याचा चिरा, यात गडद काय? मनाने उत्तर देऊ नका, किलकिल्या डोळ्यांनी द्या.

सावंतवाडीत 1882 साली जन्मलेले चित्रकार सावळाराम हळदणकर यांचं दिवा हातात घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योत तिने हाताच्या आड धरली आहे आणि उजेड बोटांतून झिरपून चेहऱ्यावर येतो. त्याची छापील प्रत मिळाली तर भोवतालचा काळोख किती गडद आहे ते बघा. कागदाच्या पांढऱ्यापेक्षा जास्त उजळ काही करता येत नाही. उजेड वाढवायचा तर भोवती काळोख वाढवावा लागतो. रात्री वीज गेली की समई लावून हाच प्रयोग घरच्या कोणाला तरी बसवून करा.

हलती माणसं

मापाचा सराव सुरू असतानाच आठवड्यातून एकदा बंदरावर जा आणि झटपट रेखाटनं करा. एका आकृतीला अर्धा मिनिट, फार तर एक. आधी एकच रेघ, डोक्यापासून ज्या पायावर भार आहे त्या टाचेपर्यंत. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे बघा: अंग मागे कलंडलेलं, टाचा वाळूत रुतलेल्या, आणि सगळा जोर त्या एका तिरक्या रेघेत. ती रेघ मिळाली की हात-पाय नंतर जोडता येतात, डोळे-नाक तर लागतच नाहीत.

काम करणारा माणूस तीच हालचाल पुन्हा पुन्हा करतो, याचा फायदा घ्या. एकाच कागदावर चार अर्धवट आकृत्या सुरू करा: दोर ओढताना, सोडताना, वाकताना, वळताना. ती ती अवस्था परत आली की त्या त्या आकृतीत भर घाला. मासळी साफ करणाऱ्या बायका, माडावर चढणारा पाडेली, एसटीची वाट बघणारी माणसं, सगळ्यांना हे लागू पडतं. मात्र कोणाला समोर धरून काढायचं असेल तर आधी विचारा आणि झाल्यावर चित्र दाखवा. लिलावाच्या घाईत वाटेत बसू नका.

घरी आल्यावर कागद न बघता त्यातलं एक दृश्य आठवून काढा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांत स्मरणचित्राचा पेपर असतो तो यासाठीच. आठवत नाही तिथे जागा कोरी सोडा. पुढच्या खेपेला बंदरावर गेलात की नेमकं तेच आधी बघा.

रोजचं कसं बसवायचं

रोज अर्धा तास पुरतो, रविवारी एकदम चार तास बसण्यापेक्षा तो बरा. पाच मिनिटं रेषा, वीस मिनिटं मुख्य काम, पाच मिनिटं हाताची बाह्यरेषा. पहिले दोन-तीन महिने विषय बदलत बसू नका, तीच कळशी वेगवेगळ्या बाजूंनी, उभं राहून, बसून, आडवी पाडून काढा. आडवी पाडली की लंबवर्तुळंही तिच्याबरोबर झुकतात, त्यांचा लांब व्यास नेहमी आसेला काटकोनात राहतो.

शिक्षक नसेल तर चूक कोण दाखवणार? आरसा दाखवतो. चित्र आरशासमोर धरा, किंवा उलटं करून भिंतीला लावा आणि दहा फुटांवरून बघा. सवयीने न दिसणारा कल लगेच दिसतो. चूक सापडली की खोडण्याआधी योग्य रेघ बाजूला काढा आणि मगच जुनी खोडा. आधी खोडलं तर हात पुन्हा तीच चूक करतो. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख घाला आणि वाईट वाटलेलं चित्रही ठेवून द्या. दर महिन्याला सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडा. पुढच्या महिन्यात कशावर भर द्यायचा ते त्यावरून ठरवा.

रंगांचा मोह होईल. छटांचे पाच चौकोन आणि अंडं मनासारखं जमल्यावर जलरंग आणा, आणि त्यासाठी 300 जीएसएमचा कागद घ्या. कार्ट्रिज पेपरवर पाणी पडलं की तो फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. सुरुवातीला एकच तपकिरी रंग घ्या आणि त्याच कळशीचं, त्याच खिडकीच्या उजेडात, एकरंगी चित्र करा. ते वाळायला पावसाळ्यात फार वेळ लागतो, म्हणून शक्यतो दिवाळीनंतर सुरू करा.